पंचसाहेबांच्या कोटाची कॉलर

नाही, मी ब्लीच वापरलेलं नाही. पहिल्याच ओळीत लिहून टाकते, म्हणजे पुढचं तू शांतपणे वाचशील. कॉलरचं जे काही झालं ते पाण्यामुळे झालं, आणि आता ते राहिलेलंही नाही, मग त्यावर एवढी चर्चा कशाला? (तू विचारलं नाहीस, ठाऊक आहे मला. पण विचारशील. लहानपणापासून तुझं नाक नको तिथे.)

आता रीतीचं. चि. धाकटीला थोरलीचे आशीर्वाद. माझे गुडघे होते तिथेच आहेत. तुझं डोकं अजून दुखतं का? चष्मा उशाखाली न ठेवता डोळ्यांवर ठेवून बघ. पंचसाहेबांना नमस्कार सांग, आणि त्यांचा पांढरा कोट सोबतच्या पुडक्यात आहे असंही सांग. घडी मी स्वतः घातली आहे. रविवारी मैदानावर जाईपर्यंत ती कुणी मोडायची नाही, तू तर नाहीच.

तुझे यजमान आमच्याकडे आठ दिवस सामन्यांना पंच म्हणून उभे राहायला आले होते, तेव्हा त्यांनी त्या कोटाचं काय केलं ते त्यांनी घरी सांगितलं नसणार, म्हणून मी सांगते. ऊन लागतं म्हणून मानेला ते उन्हाचं क्रीम थापायचं, ते वाळायच्या आत वरून कोट चढवायचा. आठ दिवसांत कॉलर अशी पिवळी, की जुन्या वहीचं पान बरं. त्यात शेवटच्या दिवशी फाटकाजवळच्या झाडाची तुती तोडून खिशात भरली. वाटेत खाईन म्हणाले. (खाल्ली नाही. तिच्यावर बसले.) बावीस वर्षं दुसऱ्यांना बाद ठरवणाऱ्या माणसाला खिशातली तुती बाद झालेली कळली नाही! जाताना कोट माझ्यापुढे धरून म्हणाले, "ताई, रविवारचा सामना माझा शेवटचा. हाच कोट घालून उतरायचंय. तुम्हाला जमणार नसेल तर दुकानात टाकतो."

जमणार नसेल तर! मला! मी एकतीस वर्षं त्या मोठ्या हॉटेलच्या धोबीखान्यात डागांच्या टेबलाशी उभी होते. मॅनेजरला माझं नाव माहीत नव्हतं, पण "डागबाईंना बोलवा" म्हटलं की तीन मजल्यांवरचे लोक चादरी घेऊन धावत यायचे. मग मशीन आलं, डाग आपोआप काढतं म्हणाले, मला भिंतीवरचं घड्याळ देऊन घरी पाठवलं. घड्याळ दोन महिन्यांत बंद पडलं. मशीनचं मी विचारलं नाही. तर मी पंचसाहेबांना म्हटलं, कोट ठेवा आणि निघा, गाडी चुकेल.

आता आमच्या सूनबाईचं ऐक. ती शाळेच्या प्रयोगशाळेत मदतनीस आहे हे तुला माहीत आहेच, पण प्रयोगशाळा ती घरीही घेऊन येते हे माहीत नसेल. गेल्या वर्षी तिने फर्मान काढलं की घरात ब्लीच आणायचं नाही, नदी मरते, हात सोलतात, सगळं पर्यावरणपूरक पाहिजे. मोरीत आता बाटल्यांची रांग आहे, प्रत्येकीवर चिठ्ठी. रिठ्याचं पाणी. व्हिनेगर. लिंबाचा रस. खायचा सोडा. पहिल्या दिवशी मी तिला विचारलं, यात कपडे धुवायचे की कपड्यांना फोडणी द्यायची? ती हसली आणि आणखी एक चिठ्ठी चिकटवली. तिचं सगळं मापाने. लिंबू पिळायचं तरी रेघा असलेल्या काचेच्या नळीत, डोळे बारीक करून. अगं, लिंबाला काय कळतं किती मिली आहे ते! मला हा थाट आवडत नाही. डाग दिसला की काढायचा, त्याची जन्मपत्रिका मांडायची नाही.

म्हणून ती शाळेत गेल्यावर मी एकटीनेच कॉलर हातात घेतली. म्हटलं, ती येईपर्यंत दोरीवर पांढरी करून ठेवते आणि तिच्या बाटल्यांकडे नुसतं बघते. कॉलर पाण्यात बुडवली. (पाण्यात. वर लिहिलंय.) आणि धाकटे, बघता बघता ती पिवळी कॉलर विटकरी झाली. विटकरी म्हणजे आपल्या शाळेच्या कौलांसारखी. कोट बर्फासारखा आणि मानेभोवती कौलं. एकतीस वर्षांत असा रंग मी पाहिला नव्हता. आमच्या वेळी हॉटेलातले पाहुणे घामाने डाग पाडायचे, क्रीमने नाही. मी घासली, तर आणखी खुलली. तेव्हा मी मोरीतल्या पाटावर बसले आणि मला तुझ्या नवऱ्याचा चेहरा दिसला, शेवटच्या सामन्याला, लोक मानेकडे बोट दाखवतायत. रडले वगैरे नाही. पाटावर बसले एवढंच.

तेवढ्यात सूनबाई आली. दारातच दोनदा नाक वर केलं (सर्दी असणार), कॉलरकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. मला वाटलं आता होणार भाषण. मागून आमचा मुलगा आला आणि म्हणाला, "आई, हे काय करून ठेवलंस?" तर तीच त्याला म्हणाली, "आईंनी काही केलेलं नाही. आपल्या पाण्यात लोखंड जास्त आहे, क्रीमशी जुळत नाही. तू चहा टाक." तो गेला चहा टाकायला. मग तिने दोन्ही खिडक्या उघडल्या, आणि कोट एका पाण्यातून काढला, दुसऱ्यातून काढला, तिसऱ्यातून काढला, प्रत्येक वेळी वास घेऊन. मी म्हटलं, अगं पाण्यानेच झालंय तर आणखी पाणी कशाला? ती म्हणाली, "असू दे, आई." मग लिंबाचा रस (मापाने), वर मीठ, आणि कॉलर गच्चीत उन्हात. वाळली की पुन्हा ओली करायची. दोन दिवस चाललं हे. मी दर तासाला बघायला जात होते, पाय मोकळे करायला म्हणून. दुसऱ्या दिवशी दुपारी कौलं उतरली. उरलेला तेलकट पिवळेपणा तिने रिठ्याच्या पाण्याने आणि मऊ ब्रशने, न खसखसता, काढला. मला मान्य करायला काही वाटत नाही, कॉलर छान निघाली. लिंबू ताजं होतं.

पण खिसा! खिसा माझा. तिने रिठ्याचं पाणी घेऊन तुतीच्या डागावर ब्रश टेकवला मात्र, मी ओरडले, "हात काढ तिथून!" फळाच्या डागाला आधी साबण लावला की तो घर करून बसतो, मग रिठा असो की आणखी काही, फेस येतो ना? बस. मी खिसा उलटा करून पातेल्याच्या तोंडावर ताणून बांधला, ढोलकीसारखा. किटलीत पाणी खळखळ उकळलं, स्टुलावर चढले (गुडघे तेवढा वेळ गप्प होते), आणि वरून, हातभर उंचीवरून, बारीक धार डागाच्या बरोबर मध्यावर सोडली. उंची पाहिजे. वरून पडलेलं पाणी डागाला ढकलून पलीकडे नेतं. जांभळा डाग निळा झाला, निळ्याचा राखाडी, तिसऱ्या किटलीला कापड कोरं. ना बाटली, ना चिठ्ठी. सूनबाई तोंड उघडं टाकून खाली उभी होती. मग वही घेऊन आली आणि विचारते, "आई, उंची किती होती?" मी म्हटलं, हातभर. "सेंटिमीटरमध्ये?" शेवटी तिने टेप आणून माझा हात मोजला. माझा हात, धाकटे, आता तिच्या वहीत आहे, रेघ मारून, खाली लिहिलंय 'आईंची पद्धत'. आणि म्हणते कशी, ही तर सगळ्यांत पर्यावरणपूरक, नुसतं पाणी! एकतीस वर्षं मी पर्यावरणपूरक होते आणि मला कुणी सांगितलं नाही.

कोट उजेडात धरून बघ. घडी न मोडता. इतका पांढरा कोट त्या मैदानाने पाहिला नसेल.

तुझी,
ताई

ता. क. पंचसाहेबांना सांग, क्रीम लावून पंखा चालू करून बसायचं, वाळल्यावर कोट घालायचा. आणि तुती घरी येऊन खायची.

ता. क. २. ब्लीच वापरलं होतं. ते क्रीमवर पडलं आणि कौलं उगवली. बाटली माझ्या धोबीखान्यातल्या रबरी बुटात लपवलेली होती, आता तिथे नाही, मी स्वतः टाकून आले. ब्लीच आणि आंबट एकत्र आलं तर विषारी वायू होतो, हा धोबीखान्यातला पहिला धडा. म्हणून तिने तीन पाणी काढली आणि खिडक्या उघडल्या. म्हणजे दारात नाक वर केलं तेव्हाच तिला कळलं होतं. आणि नवऱ्यासमोर सासूचा डाग झाकायला तिने बिचाऱ्या पाण्याचं नाव घेतलं. मला हे कळलंय, ते तिला कळलेलं नाही. कळू द्यायचंही नाही.

ता. क. ३. मुख्य काम राहिलंच. घड्याळ घेऊन घरी आले तेव्हा मी माझा निळा अ‍ॅप्रन तुझ्याकडे फेकला होता, पोतेरं कर म्हणून. तू केलं नसशील, तुझा स्वभाव मला माहीत आहे. सूनबाईने पुढच्या खोलीत खिडकीशी एक टेबल लावलंय, शेजारचे चार जण डागांचे कपडे ठेवून गेलेत, आणि तिथे दोन खुर्च्या आहेत. अ‍ॅप्रन पाठव. धुऊ नकोस, मी धुईन. कशाला पाहिजे ते विचारू नकोस, मी सांगणार नाही.