एक गाव, एक संघ, एक जावई

आटगाव, सोमवार

तीर्थरूप धाऊमामांच्या पायांशी भाचा कुंडलिक याचं डोकं. (तुम्ही ऊठ म्हणेपर्यंत तिथेच ठेवतो.)

मामीचा गुडघा कसा आहे? म्हैस व्याली का? रेडी झाली असेल तर पेढे पाठवा, रेडा झाला असेल तर नुसतं कळवा. इकडे सर्व क्षेम आहे असं लिहायची रीत आहे म्हणून लिहिलं. क्षेम काडीचं नाही. आई माझ्याशी भिंतीकडे बघून बोलते, गावातली पोरं मला बघून वाट बदलतात आणि तुम्ही फोन उचलत नाही. वर तुमच्या अमोलच्या हाती निरोप धाडलात की अपेक्षाच्या लग्नाला मी येणार नाय, मामा म्हणून दुसरा कोण उभा करा. अहो, मामा काय भाड्याने मिळतो? मंडप मिळतो, भांडी मिळतात. अंतरपाट धरला की नवरीच्या मागे तुम्हीच पाहिजेत. ती स्पष्ट म्हणाली आहे की मामा मागे नसला तर मी खोलीतून बाहेर पडणार नाय. आणि माझी बहीण बोलली की करते, हे तुम्ही तिच्या बारशापासून बघताय.

तुमचा राग रास्त आहे. (हे वाक्य आईने घालायला लावलं. पण आहे रास्त.) तरी माझी बाजू ऐका, मग हवं तर पत्र चुलीत घाला. आपल्याकडची उन्हाळी टेनिस क्रिकेटची स्पर्धा म्हणजे एक गाव, एक संघ. आधार कार्डावर गावाचा पत्ता असेल तोच खेळणार, पाहुणा चालत नाही. सूट फक्त गावच्या जावयाला, तीही एकालाच. (सुपारी फुटली की तो जावई, असं कमिटीने ठरवून दिलंय, कारण अध्यक्षांच्या मुलीचं लग्न एकदा स्पर्धेच्या पुढे गेलं होतं आणि मुलगा फास्ट बॉलर होता.) बाकीच्या गावांनी या नियमाचं सोनं केलं. आमच्या गावाला जावई लाभले ते कसे, तर एकाला मणक्याचा त्रास, एक उन्हात येत नाहीत आणि एकांना चेंडू दिसतो पण गेल्यावर. दरवर्षी पहिल्याच दिवशी गाशा गुंडाळायचा. आणि माझ्या घरात लग्नाची बहीण! सांगा मामा, गावाच्या हितासाठी माणसाने विचार करायचा की नाही?

मी गोडाऊनमध्ये कॉम्प्युटरवर मालाची नोंद ठेवतो. कुठला माल चालतो, कुठला पडून राहतो, ते आकडाच सांगतो. खोका उघडावा लागत नाही. म्हटलं हेच डोकं इथे चालवू. शहापूर आणि मुरबाड, दोन्ही तालुक्यांतल्या स्पर्धांचे स्कोअर आता मोबाईलवर असतात. त्यातून मी बिनलग्नाचे बाजूला काढले, देवक एकच येतं ते गाळले, नोकरी-शेती बघितली (बघितली हो! आईशपथ बघितली) आणि उरलेल्यांची सरासरी, स्ट्राइक रेट, शेवटच्या षटकातले षटकार असं सगळं मांडलं. भटजींनी पत्रिका बघून गुण सांगितले, मी आपली सरासरी धरून बसलो.

त्यात तुम्ही टोकावड्याच्या त्या मुलाचं स्थळ घेऊन आलात. स्वतःचा ढाबा, शेती, निर्व्यसनी. पण मोबाईलवर त्याच्या नावापुढे काहीच नाही! ना धावा, ना विकेट. आकडा नाही तो माणूस मी जोखायचा कसा? म्हणून पोह्यांची बशी त्याच्या हातात असतानाच मी विचारलं, चेंडू आत आणता की बाहेर काढता? तो म्हणाला, ढाब्यामुळे टाइमच मिळत नाय, गल्लीत टाकतो कधीमधी. तेव्हा लिंबू देऊन त्याला अंगणात चार चेंडू टाकायला सांगितलं, यात अपमानाचा हेतू नव्हता. नवी पॅन्ट होती त्याची, ती धुळीने माखली; हे मला आधी दिसायला हवं होतं. तुम्ही पोहे तसेच ठेवून उठलात, ते अजून डोळ्यांपुढून जात नाही.

पुढच्याच महिन्यात हरेशराव पसंत केले. नदीपलीकडचं गाव, डावखुरे, सरासरी अशी की मी दोनदा बेरीज केली. सुपारी फुटली, पेढे वाटले, कमिटीकडे नाव गेलं. कमळू, म्हणजे आमचा कॅप्टन, मला खांद्यावर घ्यायला निघाला होता. काल मॅच झाली. मामा, शत्रूवरही अशी वेळ येऊ नये.

एक गोष्ट माझ्या कुठल्याच रकान्यात नव्हती, ती ही की जावयाला कोणी काही बोलू शकत नाही. कमळू एरवी आईबहिणीवरून फिल्डिंग लावतो; काल म्हणत होता, जावईबापू, जमल्यास थोडं उजवीकडे सरकता का? आईने सीमेवर करंजाच्या सावलीत खुर्ची टाकली, कारण सुपारीनंतर गावात पहिल्यांदा आलेला जावई उन्हात उभा राहिला तर लोक काय म्हणतील. षटक चालू असताना सरबत गेलं. त्यांनी पेला तोंडाला लावला आणि चेंडू खुर्चीखालून चौकार गेला. अख्खं गाव एका सुरात म्हणालं, असू द्या, असू द्या! माईकवरचा माणूससुद्धा म्हणाला. मग बॅटिंग. जावयाला आठव्या नंबरावर पाठवायचं कोणी? ओपनिंगलाच गेले. दुसऱ्याच चेंडूवर त्यांनी नसलेली धाव मागितली. जावयाला नाय म्हणता येत नाही, म्हणून कमळू डोळ्यांदेखत अर्ध्या पिचपर्यंत धावला आणि रनआउट झाला. जाताना त्याने माझ्याकडे असं काही बघितलं की मी खुर्चीमागे लपलो.

आणि पुढचं षटक टाकायला आला कोण? तुमचा टोकावड्याचा ढाबेवाला! आम्ही नाकारल्यावर समोरच्या गावाने त्याला उचलला, सुपारी फोडली आणि जावई म्हणून उतरवला. त्याने पहिलाच चेंडू पायावर टाकला, आमच्या हरेशरावांनी नेहमीसारखा उचलला आणि सीमेवरच्या पोराने जागचा न हलता झेलला. शून्य. तो मुलगा विकेट घेऊन ओरडला नाही की नाचला नाही. फक्त माझ्याकडे बघून त्याने पॅन्ट झटकली.

नंतर मी हरेशरावांच्या गावचं मैदान मोबाईलवर पहिल्यांदाच बघितलं. (आधी फक्त स्कोअर बघायचो.) कापणी झालेलं भाताचं शेत, आणि ते उचलून मारतात त्या बाजूला हाकेच्या अंतराच्याही आत त्यांच्या काकांनी पेरलेला वाल. काका वालात कोणाला पाय ठेवू देत नाहीत, म्हणून चेंडू तिकडे पडला की चौकार पुकारून मोकळे. पंच तेच काका. हरेशराव बोल्ड झाले की चेंडू नोबॉल ठरतो. आता मला सांगा, आकड्यात काका कुठे दिसतो?

घरी येऊन मी म्हटलं, हे लग्न मोडूया, आपली फसवणूक झाली. अपेक्षा भाकरी थापत होती, ती तशीच पिठाच्या हाताने उठली. म्हणाली, शून्यावर आऊट होऊन हसत येणारा माणूस मी पहिला बघितला. तू कॅरममध्ये हरलास तरी दोन दिस जेवत नायस. ते बघायला आले आणि तू अंगणात त्यांना बॅट दिलीस ना, तेव्हा त्यांनी आधी मला विचारलं, तुळशीला लागेल का, कुंडी सरकवू का? ते तुझ्या मोबाईलवर आलं का रे, दादा? आई तेवढ्यापुरती भिंत सोडून माझ्याकडे वळली आणि पुन्हा भिंतीकडे बघू लागली.

तेव्हा लग्न होणार, मामा. मी हरलो, सगळीकडून हरलो. स्पर्धा गेली, अब्रू गेली, आणि कमिटीच्या नियमाने जावई बदलता येत नाही. हरेशरावांना खेळवलं नाही तर ते रुसणार, खेळवलं तर गाव बुडणार. असा हा जन्माचा ओपनर मी स्वतः मोजूनमापून घरात आणला. माझ्यावरचा राग माझ्यावरच ठेवा, दोन कानफटात मारा, पण तिच्या लग्नात तिच्या मागे उभे राहा. मला तिच्याकडे बघवत नाही.

तुमचा भाचा,
कुंडलिक

ता. क. मुख्य गोष्ट लिहायची राहिलीच. लग्नात नवऱ्याचा कान पिळायचा मान नवरीच्या धाकट्या भावाचा, म्हणजे तुमच्या अमोलचा. तो मान यंदा मला सोडावा, अशी हात जोडून विनंती. जावयाला हात लावायची सवलत आपल्यात तेवढीच आहे हो! त्या वेळात मला त्यांच्या कानात फक्त एवढंच सांगायचंय की पायावरचा चेंडू खाली ठेवा. बदल्यात मिळणारा ड्रेस अमोलने घ्यावा.

ता. क. २. मामा, मी अपेक्षा. दादा पाकिटाला डिंक शोधत होता तवर मी वाचलं. कान अमोललाच पिळू द्या, दादा खरोखर पिळेल. त्याला मारूबिरू नका, तो रात्रीपासून जेवला नाय. आणि तुमी हळदीलाच या. मला भीती वाटते हो, मामा, दादाला सांगू नका. मागे तुमी असलात म्हंजे मला वळून बघावं लागणार नाय.