उजवी मांडी

रोमान्सहोर्न
गुरुवार, २४ ऑक्टोबर

प्रिय बाबा,

तुम्हाला, आईला आणि इस्मेत काकांना सलाम. आम्ही इकडे बरे आहोत. थंडी सुरू झाली आहे. सकाळी तळ्यावर इतकं धुकं असतं की बोटीचा भोंगा ऐकू येतो, बोट दिसत नाही. रीनाचे पुढचे दात पडलेत, त्यामुळे ती बोलते तेव्हा अर्धी हवाच बाहेर येते. आईनं दिलेल्या भाजक्या मिरच्यांची बरणी एर्मिरानं परवा उघडली आणि दोघींनी मिळून जवळजवळ संपवली. आईला सांगा, या वर्षी तिखट जास्त उतरलंय, पण तक्रार नाही.

पत्र पाहून तुम्हाला नवल वाटेल. मी तुम्हाला याआधी कधी पत्र लिहिल्याचं आठवत नाही, बहुतेक लिहिलंच नसेल. पण फोन केला की आई म्हणते, "बाबा कुंपणाला रंग देतायत." दुसऱ्या दिवशी पुन्हा केला तरी कुंपणाला रंगच. एवढ्या रंगात सगळं पेया शहर रंगवून झालं असतं. आईला खोटं बोलता येत नाही, हे तुम्हालाही ठाऊक आहे. मागून तुमच्या खोकल्याचा आवाज येत असतो.

तुम्ही बोलत नाही याचा मला राग नाही. त्या दिवशी सामन्यानंतर प्रिश्टिनाहून परत येताना बसमध्ये तुम्ही खिडकीकडे तोंड करून बसला होता. घरी आईनं दिवसभर निखाऱ्यांपुढे बसून फ्लिया केला होता, एकेक पदर भाजून. कुणीच धड खाल्ला नाही. इस्मेत काकांनीच शेवटी तोंड उघडलं. "स्वित्झर्लंडचं दूध पातळ असतं, भावा. पोराचा दोष नाही."

तेव्हा तुम्ही म्हणालात, "वीस मिनिटं. मी अंगात ताप असताना गुडघाभर चिखलात पूर्ण सामना खेळलोय. आणि हा वीस मिनिटांत हात वर करून बाहेर येतो. मांडीला धरून."

मी मांडी चोळत बसलो.

मांडीचं आई रोज विचारते म्हणून लिहितो. मांडी बरी आहे. परवापर्यंतचा माझा दिवस असा: फुटबॉल क्लबमध्ये रोज सकाळी फिजिओ रेतो तिच्यावर बर्फ ठेवतो. तुम्ही त्याला ओळखता, रीनाच्या वाढदिवसाला तुमच्याबरोबर राकिया पिऊन तो अल्बेनियन बोलायला लागला होता, तोच. मी टेबलावर आडवा पडतो, तो बर्फाची पिशवी बांधतो, खिडकीतून बाकीच्यांचा सराव दिसतो. मग मी लंगडत गाडीपर्यंत जातो. कोच विचारतो, "कसं वाटतंय?" मी म्हणतो, "ओढ बसते अजून." घरी जिना चढतानाही लंगडतो, कारण शेजारीण बघते. दार लावलं की सरळ चालतो. एर्मिरा कामावरून आली की पुन्हा लंगडतो.

बाबा, मांडीला काही झालेलं नाही. त्या दिवशीही झालं नव्हतं.

हे वाचून पत्र बाजूला ठेवू नका. मला हे तोंडानं सांगता आलं नसतं, तुम्ही समोर बसला असतात तरीही.

मागच्या हिवाळ्यात एका सामन्यात माझं आणि त्यांच्या स्ट्रायकरचं डोकं एकमेकांवर आदळलं, ते तुम्ही टीव्हीवर पाहिलं होतं. त्याच्या भुवईला टाके पडले, मला काहीच झालं नाही. तुम्ही फोनवर म्हणालात, "आपल्या घराण्याचं डोकं आहे ते." मीही हसलो होतो. डॉक्टरांनी थोडे दिवस विश्रांती दिली, मग मी खेळायला लागलो. त्यानंतर शब्द जायला लागले. आधी जर्मन गेले, ते चाललं, मला वाटलं वय झालं. मग आपले जायला लागले. चमच्याला काय म्हणतात ते आठवेना, म्हणून मी हातानं सूप ढवळण्याची खूण केली आणि रीनाला वाटलं मी खेळतोय. मग रस्ते जायला लागले. सरावाहून घरी येताना मी एकदा पार सेंट गालेन शहरापर्यंत गेलो, कारण कुठे वळायचं ते कळेना आणि गाडी थांबवायची भीती वाटली.

कुणाला सांगणार होतो? एर्मिराला सांगितलं तर ती त्याच दिवशी डॉक्टरांकडे नेणार. डॉक्टर क्लबला सांगणार. उन्हाळ्यात माझा करार संपतोय. बत्तिसाव्या वर्षी डोक्याची तक्रार असलेला बचावपटू कोण घेतो? मला दुसरं काहीच येत नाही बाबा, तुम्ही मला दुसरं काही शिकवलंच नाहीत. हा टोमणा नाही. मलाच दुसरं काही शिकायचं नव्हतं.

आणि तेवढ्यात आपल्या देशाच्या संघात माझी निवड झाली. एवढी वर्षं झाली नव्हती, ती आत्ता झाली. मी तुम्हाला फोन केला तो आनंदाची बातमी द्यायला नव्हता. मी नाही म्हणतोय, हे सांगायला केला होता. मनात वाक्य तयार होतं. पण तुम्हाला माझ्याआधी कळलं होतं, आणि फोन उचलला तेव्हा तुम्ही रडत होतात. तुम्हाला रडताना मी आजोबांना पुरलं त्या दिवशीच फक्त पाहिलं होतं. तुम्ही म्हणालात, "आम्हा अल्बेनियनांना मैदानं बंद होती, म्हणून कुरणात खेळायचो, पोलीस आले की गोलचे खांब खांद्यावर घेऊन पळायचो. सामना संपला की ओढ्यात अंग धुवायचं. देशाचा शर्ट कुठून मिळणार, देशच नव्हता. आता तू घाल, माझ्या नावानं घाल." मग मागून इस्मेत काकांचा आवाज आला, "अरे, बस ठरवली मी. अख्खी आळी येतेय."

मी म्हणालो, "हो बाबा."

त्या "हो"मध्ये मी तेव्हापासून अडकलोय.

आता त्या वीस मिनिटांबद्दल लिहितो. कॉर्नर आला. मी उडी मारून चेंडू डोक्यानं बाहेर काढला. चांगला काढला असणार, लोकांनी टाळ्या वाजवल्या असं आई सांगते. मला टाळ्या ऐकू आल्या नाहीत. खाली उतरलो तेव्हा सगळा आवाज गेला होता. आजूबाजूला निळे शर्ट होते आणि पांढरे शर्ट होते. माझ्या अंगात निळा होता म्हणून मी निळ्यांकडे गेलो. तेवढंच मला समजत होतं. गाव कुठलं, सामना कुठला, कुठल्या बाजूला गोल करायचा, काही नाही. पाय मात्र आपलं काम करत होते. ते पुढे येत होते, मागे जात होते, ऑफसाइडची रेष सांभाळत होते. पायांना सगळं ठाऊक होतं, फक्त मला नव्हतं.

मी शेजारी खेळणाऱ्या क्रेश्निकला विचारलं, "आपण कुणाशी खेळतोय रे?"

तो हसला. "म्हाताऱ्या, पहिल्याच सामन्यात चेष्टा सुचतेय तुला."

मीही हसलो. काय करणार?

मग स्टँडकडे पाहिलं. आपल्याकडच्या पांढऱ्या लोकरी टोप्यांची एक रांग दिसली. यातली एक टोपी माझ्या वडिलांची आहे, हे मला माहीत होतं. पण वडील म्हणजे कोण, तो चेहरा येईना. मी एकेका टोपीखाली पाहत गेलो आणि बाबा, मी तुमच्यावरून पुढे गेलो. तुमच्याकडे पाहिलं आणि पुढच्या माणसाकडे वळलो. नंतर लाल कोट दिसला, कठड्यावर उभं राहून हात हलवणारी रीना. तिला ओळखलं, आणि तिला मागून धरून उभे असलेले तुम्ही, म्हणून तुम्हाला ओळखलं.

तेव्हा मी हात वर केला. मांडी धरली, कारण काहीतरी धरायला हवं होतं.

मला अजून खेळता आलं असतं, नव्वद मिनिटंही. पण रीना दिसली आणि मला ऑगस्ट आठवला. हे मी कालपर्यंत कुणालाही सांगितलं नव्हतं.

ऑगस्टमध्ये एका रविवारी मी तिला तळ्यावर पोहायला नेलं. एर्मिरा तिच्या बहिणीकडे गेली होती. टॉवेल आणायला मी गाडीपाशी गेलो, गाडीत बसलो आणि घरी आलो. कलिंगड कापलं, खाल्लं, टीव्ही लावला. मला अगदी बरं वाटत होतं. बऱ्याच वेळानं दाराची घंटा वाजली. पोहण्याच्या जागी तिकिटं देणारी बाई रीनाला घेऊन उभी होती. रीनाचे केस ओले होते, पायात चप्पल नव्हती. आणि माझ्या मनात आलं, ही बाहेर कशी गेली?

बाई माझ्यावर ओरडणार, एवढ्यात रीना म्हणाली, "बाबांची चूक नाही. मी लपले होते. ते मला शोधत होते."

संध्याकाळी तिनं आईलाही तेच सांगितलं. मी तिला सांग म्हटलं नव्हतं. सहा वर्षांची आहे. तेव्हापासून आम्ही कुठे बाहेर गेलो की ती माझा हात सोडत नाही, आणि लोक म्हणतात, किती बापवेडी मुलगी.

परवा मंगळवारी रेतोकडून बर्फ बांधून घेतला आणि लंगडत दारापर्यंत गेलो. त्यानं मागून हाक मारली. "विसार, काल उजवी मांडी होती."

मी खाली पाहिलं. मी डाव्या पायानं लंगडत होतो.

त्यानं दार लावून घेतलं आणि मला खुर्चीवर बसवलं. रागावला नाही. म्हणाला, "ती धडधाकट आहे हे मला पहिल्याच दिवशी हाताला कळलं होतं. मला वाटलं घरचं काही असेल, सांगशील. काय आहे?" मी त्याला सगळं सांगितलं, फक्त तळ्याचं नाही. तो म्हणाला, "डॉक्टरांना तू सांग. तू नाही सांगितलंस तर मला सांगावं लागेल, आणि ते मला आवडणार नाही."

काल एर्मिराला तळ्याचंही सांगितलं. ती ओट्याला टेकून उभी राहिली. मग म्हणाली, "पोरीला खोटं बोलावं लागलं."

मी म्हणालो, "मी सांगितलं नव्हतं तिला, ती आपणहून बोलली."

"तेच म्हणतेय मी," ती म्हणाली आणि रीनाच्या खोलीत जाऊन तिच्याशेजारी झोपली.

आज सकाळी आम्ही दोघं डॉक्टरांकडे गेलो. पुढच्या महिन्यात झुरिकला मोठ्या तपासण्या आहेत. किती परत येईल, किती नाही, ते आत्ताच कुणी सांगत नाही. एकच गोष्ट त्यांनी लगेच सांगितली. खेळणं संपलं, आजपासून, आळीतल्या पोरांबरोबरसुद्धा नाही. गाडी चालवायची नाही. कोचला मी स्वतः सांगितलं. त्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला, आणि मला वाईट वाटायच्या आधी हलकं वाटलं. हे तुम्हाला आवडणार नाही, पण खरं लिहायचं ठरवलंय.

तुमच्या नावानं घातलेला शर्ट वीसच मिनिटं अंगावर राहिला. त्याबद्दल मी माफी मागत नाही, बाबा. ज्या माणसाला मी ओळखत नव्हतो, त्याच्यासाठी मी तो अंगावर ठेवू शकलो नाही. चहाच्या दुकानात कुणी विचारलं तर मांडी म्हणू नका. खरं काय ते सांगा. इस्मेत काकांना काय म्हणायचं ते म्हणू दे.

तपासण्यांआधी मी काही दिवस घरी येतोय. रीनाची शाळा आहे, एर्मिराला रजा नाही, म्हणून एकटाच. रविवारी, तीन नोव्हेंबरला, दुपारच्या विमानानं प्रिश्टिनाला उतरेन. एर्मिरा मला इकडे विमानात बसवून देईल. तिकडे उतरल्यावर कुणीतरी हवं.

तुम्ही याल का? यायचं नसेल तरी आईकडून कळवा, दुसरं कुणी येत असेल तर त्याचं नाव सांगा. कुणाची वाट पाहायची ते मी कागदावर लिहून खिशात ठेवणार आहे.

येणार असाल तर ती पांढरी टोपी घालून येऊ नका. तिथे पुष्कळांच्या डोक्यावर असते. तुम्ही मला हाक मारा.

तुमचा मुलगा,
विसार