त्र्याहत्तर की चौऱ्याहत्तर

३ फेब्रुवारी
निर्णय झाला. जुनी कॅम्पर व्हॅन घ्यायची, आत झोपायची सोय असलेली.
ही ३० एप्रिलला हॉस्पिटलातून रिटायर होतेय. आयुष्यभर नाइट ड्यूट्या केल्या. दुसऱ्या दिवशी सकाळीच तिला तळ्याकाठी जायचंय, आठवडाभर, माझ्याबरोबर. लग्नानंतर तिथेच गेलो होतो. तेव्हा तंबू होता आणि तो मी उभा केला होता, त्यामुळे तो विषय नको. हॉटेल नको म्हणाली, पण या वेळी पाठीखाली गादी हवी. मी म्हणालो, माझ्यावर सोड. तिने माझ्याकडे बघितलं, मग कॅलेंडरकडे. भारावली असावी.

५ फेब्रुवारी
व्हॅन घेणं म्हणजे भाजी घेणं नव्हे. कंपनी तीच, पण एकोणीसशे बहात्तरपासून एकोणऐंशीपर्यंत दर वर्षीचं मॉडेल वेगळं. बाकीच्यांनी गांगरून जावं. मी सरकारी नोकरीत दुकानदारांचे वजनकाटे तपासले आहेत. मला कोण फसवणार? आठवड्याभरात वर्ष नक्की करतो.

१९ फेब्रुवारी
वर्ष अजून नक्की नाही. घाईची कामं सैतानाची.
बहात्तरचे इंडिकेटर खाली, बंपरजवळ. देखणे. चौऱ्याहत्तरचे वर, पण इंजिन दमदार. त्र्याहत्तर म्हणजे धड ना इकडचं धड ना तिकडचं. एकोणऐंशी इतकं नवं की त्यापेक्षा फ्रिज घ्यावा. जेवताना हिला सगळं समजावून सांगितलं. तिने विचारलं, गादी कुठल्या वर्षी आली? गाढवापुढे वाचली गीता. (मनात म्हणालो.)

२ मार्च
आमच्या दातांच्या डॉक्टरांना त्यांची पिवळी व्हॅन विकायचीय. दोघं जाऊन पाहून आलो. ही चपला काढून आत गेली, पुढच्या सीटवर बसली आणि बसूनच राहिली.
मी खाली वाकून खरं काम केलं. इंडिकेटर खाली, म्हणजे बहात्तर. इंजिन चौऱ्याहत्तरचं. कागदांवर त्र्याहत्तर. डॉक्टरांना विचारलं तर म्हणाले, नक्की आठवत नाही, घेतली तेव्हा आमच्या मोठीला दात येत होते. सुशिक्षित माणूस, आणि कालगणना ही अशी.
खरं वर्ष चासीच्या, म्हणजे गाडीच्या सांगाड्याच्या, पट्टीवर कोरलेलं असतं. पट्टी सीटखाली, सीटवर ही. ऊठ म्हटलं तर म्हणाली, पाच मिनिटं बसू द्या हो. शेवटी पट्टी राहिलीच.
थोडी चालवूनही पाहिली. डॉक्टरांच्या फाटकाचा खांब फारच पुढे बांधलाय.

७ मार्च
डॉक्टरांना नकार कळवला. जिच्या कुळामुळाचा पत्ता नाही अशी गाडी मी दारात उभी करणार नाही. हिला तसं सांगितलं. बरं, म्हणाली. वाद नाही, रुसवा नाही. अभ्यासू माणसाचा घरातही वचक असतो.

२० मार्च
ही आणि मेव्हणी रोज संध्याकाळी फिरायला जातात. आज परतली तर बोटांना काळं ग्रीस. शिलाई मशीन बिघडलं असावं, कारण हल्ली पडदे शिवतेय. छोटे छोटे. कुणासाठी, विचारलं. खिडक्यांसाठी, म्हणाली.
जेवताना तिने विचारलं, चढावर क्लच किती सोडायचा? माझ्यामुळे तिला विषयाची गोडी लागलीय, यात शंका नाही. तासभर बोललो. क्लचपर्यंत पोचलो नाही.

४ एप्रिल
एका बेकरीवाल्याकडे अस्सल बहात्तर सापडलं. सल्ल्यासाठी गॅरेजच्या मिस्त्रीकडे गेलो. तो म्हणाला, साहेब, आधी गाडी चालते का ते बघा की. मी म्हणालो, तो नंतरचा मुद्दा. मिस्त्री हसला. या लोकांना इतिहासाची कदर नाही. गॅरेजच्या कोपऱ्यात ताडपत्रीखाली काहीतरी मोठं उभं होतं. काय आहे, विचारलं. एका बाईंची आहे, म्हणाला आणि घाईघाईने ताडपत्री खाली ओढली. असतील कुणी बाई.
बेकरीवाल्याला कळवलं, विचार करून सांगतो.

११ एप्रिल
बहात्तर गेलं. कुणीतरी येऊन बघितलं आणि त्याच दिवशी घेऊन गेलं. अशा उतावळ्या माणसांची मला कीव येते.

२२ एप्रिल
हिने विचारलं, मग एक तारखेला जायचं ना? मी म्हणालो, रविवारपर्यंत वर्ष नक्की करतो. ती म्हणाली, अहो, मला वर्ष नकोय, आठवडा हवाय.
वाक्य बरं आहे. मुद्द्याला धरून नाही.

३० एप्रिल
हिचा निरोप समारंभ. सगळा वॉर्ड रडला. मलाही भरून आलं. तिने इतकी वर्षं काय केलं ते मला आज परक्यांच्या तोंडून कळलं.
घरी आल्यावर म्हणाली, उद्या सकाळी निघायचंय, येताय ना? तिला शांतपणे समजावलं की वाहनच नाही, जाणार कशाने? पुढच्या वर्षी नक्की. ती बॅग भरत राहिली. माझी परीक्षा बघतेय. मी बधणार नाही.

१ मे
सकाळी हॉर्न. बाहेर आलो तर डॉक्टरांची पिवळी. शेजारच्या सीटवर मेव्हणी, स्टिअरिंगवर ही. आमच्या अरुंद फाटकातून तिने गाडी रिव्हर्समध्ये आत आणली. खांब जागच्या जागी.
चला, म्हणाली. मी पायजम्यात. विचारलं, चासीची पट्टी पाहिलीस का? नाही म्हणाली. मी म्हणालो, पाच मिनिटं थांब, टॉर्च आणतो. टॉर्च मिळाला. सेल मिळेनात. मिळाले तेव्हा फाटक उघडं होतं आणि गाडी कोपऱ्यावर वळत होती. मेव्हणीने खिडकीतून हात हलवला आणि ओरडून सांगितलं, भावोजी, बसने या.

२ मे
मी रागावलो आहे.
दुपारी: तितका नाही. घड्याळाची टिकटिक इतकी मोठी आहे हे आधी लक्षात आलं नव्हतं. करमत नाही.

३ मे
फोन केला. मी नकार कळवला त्याच संध्याकाळी हिने डॉक्टरांना होकार कळवला होता म्हणे. गाडी मिस्त्रीकडे होती आणि चालवायला त्यानेच शिकवलं. म्हणजे ती ताडपत्री. मी मोठ्या मनाने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, मॉडेल कुठलं निघालं?
पिवळं, म्हणाली.
मी बसने येतो म्हणालो. सकाळची थेट जाते, दुपारची नवी आहे. नीट तुलना करून ठरवतो.

४ मे
दोन्ही गेल्या.

५ मे, तळ्याकाठी
पोचलो. मिळेल त्या बसने. मेव्हणी माझ्या हातात उशी देऊन त्याच बसने परत गेली. तिच्या चेहऱ्यावरून वाटलं, मी आलो की निघायचं हे तिने फार आधीच ठरवून ठेवलं होतं.
ही चहा करत होती. गाडीला तिने शिवलेले पडदे. मी आधी पुढची सीट उचलली आणि टॉर्च मारला. पट्टी होती. त्यावर सात, आणि पुढचा आकडा गंजाने खाल्लेला. रुमालाने पुसलं, मग किल्लीने खरवडलं. पट्टीला भोक पडलं.
ही मागे उभी राहून बघत होती. म्हणाली, झालं? मी म्हणालो, झालं. ती म्हणाली, मग सीट खाली ठेवा आणि बसा.
बसलो. गादी खरंच जाड आहे. परतताना मी चालवतो म्हणालो, तर म्हणाली, तुम्ही फाटक उघडा. समोर तळं आहे, तेव्हा होतं तसंच. तिने आठवडा मागितला होता. त्यातले दोन दिवस उरलेत.