आईला विचारलं तेव्हा

२० जून, रविवार

प्रिय दादा,

नमस्कार. आम्ही दोघी धडधाकट आहोत, हे पहिल्याच ओळीत लिहिते, म्हणजे पुढचं पत्र तुला जीव मुठीत धरून वाचावं लागणार नाही. तू कसा आहेस? जहाजाच्या पोटात वेल्डिंग करताना चेहऱ्यावर ते जाड कापड बांधायला लावतात म्हणाला होतास, ते अजून चालू आहे का? त्या उकाड्यात तुझा जीव कसा घुसमटत असेल, देव जाणे.

इकडची बातमी म्हणजे स्वयंपाकघराचं छप्पर मी स्वतः चढून दुरुस्त केलं. आई शिडी धरायला खाली उभी होती, पण तिला सूचना द्यायला दोन्ही हात लागतात, त्यामुळे शिडी जवळजवळ मोकळीच होती. पडले नाही एवढंच. आत्या अजून आपल्या सगळ्यांवर रुसलेली आहे, म्हणजे तीही अगदी ठीक आहे.

फोन सोडून पत्र कशाला, असं तुला वाटेल. मागच्या फोननंतर आपण दोघंही हट्टाला पेटलो. तू म्हणालास, "तू नर्स आहेस ना? आईला ताकदीचं इंजेक्शन म्हणून सांग आणि लस टोचून मोकळी हो." मी म्हटलं, हे मी कुणाच्याच बाबतीत करणार नाही, आईच्या तर नाहीच. तू फोन आदळलास. मलाही राग आला. पण तुझ्या बाजूला काम करणारा तुझा मित्र या साथीत आठवड्याच्या आत गेला, त्याचं शेवटचं तोंडही तुला बघायला मिळालं नाही. तू माझ्यावर नाही, त्या भीतीवर ओरडत होतास, हे मला नंतर उमजलं.

तर सगळं पहिल्यापासून सांगते.

आमच्या दवाखान्यात लस आली ती वरच्या हुकमासकट: आदिवासी वस्तीला आधी द्या. गाडी आली, बर्फाच्या पेट्या आल्या, हसऱ्या चेहऱ्यांचे फलक भिंतीवर लागले. आणि वस्तीतून चिटपाखरूसुद्धा आलं नाही. आमच्या नव्या डॉक्टरीणबाई दिवसभर रिकाम्या खुर्च्यांकडे बघत बसल्या. शेवटी मला म्हणाल्या, "तुमची माणसं घाबरतात का हो?"

"घाबरत नाहीत," मी म्हटलं. "त्यांना कुणी विचारलेलंच नाही. नुसतं या म्हणून सांगितलंय."

बोलून गेले आणि जीभ चावली. पण बाई चिडल्या नाहीत. पेनाचं टोपण लावत म्हणाल्या, "मग विचारायला आपणच जाऊ."

शाळेच्या मोठ्या खोलीत सभा भरली. खिडक्या सताड उघड्या, बाकं लांब लांब ओढलेली, उरलेली माणसं बाहेर व्हरांड्यात. बाई सरकारी भाषेत बोलणार आणि मी आपल्या बोलीत सांगणार, असं ठरलं होतं. पहिल्याच वाक्याला माझी गाडी अडली. आपल्या बोलीत लशीला शब्दच नाही! मी आपलं ठोकून दिलं, "रोग न होण्याचं औषध." बाईंनी विचारलं, काय सांगितलंत? मी सांगितलं. त्या मान हलवत म्हणाल्या, "नको, असं नका सांगू. लस घेतली तरी रोग होऊ शकतो. जिवावर बेतण्याची भीती मात्र खूप कमी होते. आणि हे औषध नाही, शरीराला त्या रोगाची आधीच ओळख करून देणं आहे."

मी ते जसंच्या तसं सांगितलं. मागून आत्याचा आवाज आला, "म्हणजे चोर यायच्या आधीच त्याचा फोटो दाराला लावून ठेवायचा."

खोलीभर हसू पसरलं. मी ते बाईंना सांगितलं तर त्याही हसल्या. तिथून मग लोक बोलायला लागले. आत काय काय घालतात? पोटुशी बाई घेऊ शकते का? ताप आला तर कामाला जायचं कसं? बाईंना जे माहीत होतं ते त्या सांगत होत्या. जे नव्हतं, त्याला सरळ "हे मला ठाऊक नाही, विचारून सांगते" म्हणत होत्या. ताप, अंगदुखी येऊ शकते, क्वचित एखाद्याला जास्त त्रास होतो, म्हणून टोचल्यावर थोडा वेळ बसवून ठेवतो, हेही त्यांनी झाकलं नाही.

मग सुतारकाका उठले. "बाई, आमचा नंबर नेहमी सगळ्यांच्या शेवटी. रस्ता शेवटी, वीज शेवटी. या वेळीच पहिला कसा? आमच्यावर करून बघायचंय का?"

मी ते एकही शब्द न गाळता बाईंना सांगितलं.

"प्रश्न अगदी रास्त आहे," बाई म्हणाल्या. "ही आधी हजारो माणसांना देऊन तपासली आहे. मीही घेतली, तापही काढला. तुम्हाला आधी, कारण तुमच्या घरांत आजीपासून नातवापर्यंत सगळे एका छपराखाली राहतात आणि मोठं रुग्णालय इथून फार लांब आहे. मला कळतं ते एवढं. पण यापूर्वी तुमच्याशी कोण कसं वागलं, ते मला माहीत नाही. सांगितलंत तर ऐकेन."

आणि त्या खाली बसल्या. हातातलं भाषण त्यांनी उलटं करून बाकावर ठेवलं.

दादा, इथपर्यंत एका दमात लिहिलं. मग मी उठले, चहा केला, भांडी घासली, घासलेली पुन्हा घासली. पुढचं लिहायचं म्हणजे हात जड होतोय. पण त्याच्यासाठीच तर पत्र लिहायला घेतलंय.

आई उठली.

आपली आई! चार माणसांत नाव विचारलं तरी पदरात तोंड लपवणारी. ती भिंतीला एक हात टेकून उभी राहिली आणि माझ्याकडे बोट दाखवून म्हणाली, "ही झाली त्या दिवसाचं सांगते."

मी बाईंना सांगितलं, माझ्या जन्माच्या दिवसाविषयी बोलतेय.

"बाळ झालं. रडली. मला दाखवली. मग मला परत झोपवलं. कशाला, ते कुणी सांगितलं नाही. जाग आली तर पोटावर टाके. मी विचारलं, हे काय? तर म्हणाले, आता तुला त्रास होणार नाही. मला वाटलं, दुखण्याचा त्रास. मी पुढची कित्येक वर्षं वाट बघत राहिले. मग दुसऱ्या एका नर्सने सांगितलं, तुला आता मूल होणार नाही, तशी व्यवस्था केलीय."

हे सगळं मला वाक्यावाक्याने दुसऱ्या भाषेत सांगायचं होतं, दादा. माझ्याच तोंडून. अंगावर त्यांच्यासारखाच पांढरा कोट घालून. "तशी व्यवस्था केलीय" हे वाक्य मी म्हटलं तेव्हा माझा आवाज मलाच ओळखू आला नाही.

तुला आठवतं का, लहानपणी तू आईच्या मागे लागायचास, ही रडूबाई नको, मला एक भाऊ पाहिजे म्हणून? आणि ती काही न बोलता हंडा उचलून नळावर जायची, हंडा भरलेला असला तरी? बाबांनाही शेवटपर्यंत माहीत होतं, असं आई नंतर म्हणाली. दोघांनी मिळून आपल्यापासून झाकून ठेवलं. आणि मी नर्स झाले तेव्हा ती हसली, पण माझ्या दवाखान्याची पायरी एकदाही चढली नाही. मला वाटायचं, तिला माझ्या कामाचं कौतुकच नाही.

आई बसली. मग खिडकीजवळची एक म्हातारी उठली. "माझंही," एवढंच म्हणाली. व्हरांड्यातून आणखी एक आवाज, "माझंही." मग आणखी. मी प्रत्येक वेळी ते बाईंना सांगत होते, खरं तर सांगायची गरज नव्हती. या बायका एकाच नळावर आयुष्यभर पाणी भरत आल्या आणि एकमेकींना ठाऊक नव्हतं. कुणी हंबरडा फोडला नाही, शिव्याशाप दिले नाहीत. त्या नुसत्या उभ्या राहत होत्या. मला वाटलं, खोलीचं छप्पर उंच होत चाललंय. इतकी मोठी माणसं मी आजवर पाहिली नव्हती, आणि रोज तर त्यांच्यातच राहत होते.

बाई उठल्या. डोळे पुसले नाहीत. "तुम्हाला विचारायला हवं होतं," त्या म्हणाल्या. "नाही विचारलं, हा अन्याय झाला." त्या दिवशी त्यांनी पुन्हा लशीचं नावही काढलं नाही.

घरी आल्यावर आई म्हणाली, "भात टाक." मी टाकला.

त्यानंतर लोक एकेकटे येऊ लागले, कुणी आणखी विचारायला, कुणी टोचून घ्यायला. आई आली ती बऱ्याच दिवसांनी. धुतलेलं लुगडं नेसून, केस चोपून. मी सुई हातात घेतली तर म्हणाली, "तू नको. तुला नाही म्हणायला मी काय भिते? बाईंना बोलाव."

बाई आल्या, माझ्या हातातली सुई घेऊन समोर स्टूल ओढून बसल्या; दोघींचं बोलणं एकमेकींना सांगायला मी मधे होतेच. "आई, तुम्हाला लस घ्यायची आहे का?"

आई त्यांच्या डोळ्यांत बघत म्हणाली, "नाही."

बाईंनी सुई ट्रेमध्ये परत ठेवली. "बरं," म्हणाल्या. "नाही म्हटलंत तरी दवाखाना तुमचाच आहे. कधीही या."

आई हलली नाही. ती त्या ट्रेकडे बघत होती. ट्रे तिथेच होता, सुई त्यात होती, कुणी तिचा हात धरत नव्हतं, कुणी रागावत नव्हतं. तिचा चेहरा कसा झाला होता म्हणून सांगू! पहिल्यांदा समुद्र बघणाऱ्या माणसासारखा. मग तिने बाही वर सारली.

"आता पुन्हा विचारा."

बाईंनी पुन्हा विचारलं. आई म्हणाली, "हो."

रात्री ताप आला, सकाळी उतरला. सुतारकाकांनीही घेतली, आणि दंडाच्या दुखण्याचं असं काही कौतुक मांडलं की विचारू नकोस. आत्याने मात्र सगळं ऐकून, समजून नकार दिला. मला तिची फार काळजी वाटते, आणि ते मी तिला तोंडावर सांगितलंय. ती म्हणाली, ऐकलं. बाई तिच्या खिडकीपाशी जाऊन तब्येत विचारून येतात.

हे तुला कळवण्याआधी मी आईची परवानगी मागितली. तिची गोष्ट आहे, माझी नाही. आज सकाळी ती म्हणाली, "लिही त्याला. आणि म्हणावं, रडू आलं तर फोनवर नको, घरी ये. मला त्याच्या डोक्यावर हात ठेवता आला पाहिजे."

रस्ते उघडले की ये, दादा.

आईचं शेंडेफळ,
तुझी धाकटी