दोन बोटं कपाळाला

३ मार्च

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

फोन न करता पत्र लिहिते आहे, कारण तुला फोन लावला की तू उचलेपर्यंत तुझे ते गुप्तहेर आजोबा माझ्या कानात "आलं ध्यानात!" म्हणून ओरडतात. टीव्हीवर तेच, बसच्या पाठीवर तेच, आईच्या गोळ्यांच्या पाकिटावरसुद्धा तेच. कान किटले रे! तुमच्या कंपनीने ही मालिका काढली आणि तिच्या जाहिरातीचं काम तुला मिळालं, तेव्हा मी तुझं तोंडभरून कौतुक केलं होतं. ते मागे घेते.

आपल्या फोटो स्टुडिओत येणारा प्रत्येक माणूस कॅमेऱ्यासमोर बसला की "आलं ध्यानात" म्हणणाऱ्या त्या म्हाताऱ्यासारखी दोन बोटं कपाळाला टेकवतो आणि मग ती माझ्यावर रोखतो. काल पासपोर्टच्या फोटोसाठी बँकेतला एक साहेब आला, त्यालाही तसाच हवा. परवा एका जोडप्याने तान्ह्या बाळाची बोटं धरून त्याच्या कपाळाला लावली. पोर भोकाड पसरून रडतंय आणि आईबाप खिदळताहेत. मी कॅमेऱ्यावर झाकण घातलं आणि त्यांना दार दाखवलं. बाबांची रीत तुला आठवत असेल. माणूस खुर्चीत बसला की ते उगाच दिव्यांशी खुडबुड करत राहायचे. तो कंटाळून आपण फोटोला बसलोय हेच विसरला, की बटण दाबायचे. मीही तेच करत आले. आता कुणी विसरतच नाही. सगळ्यांच्या तोंडावर एकच तोंड.

आणि आता आईसुद्धा! झटका आल्यापासून वाचा गेली, उजवी बाजू गेली, म्हणून मन रमावं यासाठी मागच्या खोलीत टीव्ही ठेवला, तर ती दिवसभर तीच मालिका बघते. आज फिजिओथेरपीच्या बाई तिला म्हणाल्या की उद्यापासून जरा लवकर येईन. आईने डावा हात उचलला, दोन बोटं कपाळाला लावली आणि बाईंवर रोखली. बाई टाळ्या पिटायला लागल्या. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. जन्मभर गणित शिकवलेली बाई, जिच्यासमोर भल्याभल्यांची बोबडी वळायची, तिचं माकड झालेलं मला बघवेना. मी तिचा हात धरून खाली दाबला आणि टीव्ही माळ्यावर टाकला. तेव्हापासून आई भिंतीकडे तोंड करून पडली आहे. पडू दे.

जेवण वेळेवर घेत जा. राग राग आहे, पण जीवही तेवढाच आहे.
तुझी,
ताई

९ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. आलं ध्यानात. (फाडू नकोस, पुढे वाच.)

बँकेतल्या साहेबाचं वाचून पोट धरून हसलो. त्याचा पगार माझ्यामुळे होत नाही, पण माझा त्याच्यासारख्यांमुळे होतो, तेव्हा त्याला फार बोलू नकोस. खरं सांगू? मलाही वीट आलाय. दिवसभर ती बोटं कुठे कुठे चिकटवता येतील याचाच विचार करतो. गेल्या आठवड्यात गादीच्या कंपनीला विकली.

पण आईचं तू चुकलीस, ताई. मी गेल्या महिन्यात आलो होतो तेव्हा तू पुढे गिऱ्हाइकांत होतीस आणि मी तिच्याजवळ बसलो होतो. संध्याकाळच्या गाडीने निघतो म्हणालो, तिने बोटं कपाळाला लावली. मला वाटलं, नक्कल करतेय. म्हणून मुद्दाम म्हणालो की मला राजा केलंय आणि उद्या हत्तीवरून मिरवणूक आहे. तिने तोंड फिरवलं. मग म्हणालो की ताई फार दमते, तिच्यावर रागावू नकोस. पुन्हा बोटं कपाळाला, आणि ती माझ्यावर रोखून बराच वेळ तशीच धरली. ती नक्कल नाही. तिला बोलायचं असतं की मला समजलं, आणि तेवढं बोलायला तिला एवढंच सापडलंय. हे तेव्हाच सांगायला हवं होतं, पण तू बोटांचं नाव काढलं की अंगावर येतेस.

टीव्ही खाली आण. आणि भांडण नंतर कर.

माझ्यावरची माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझा,
धाकटा

२० मार्च

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

टीव्ही आणला. तिने दोन दिवस माझ्याकडे बघितलं नाही. तिसऱ्या दिवशी मी तिच्या पलंगाशी बसून माफी मागितली. तिने बोटं कपाळाला लावली आणि माझ्यावर रोखली. त्यावर काय झालं ते लिहीत नाही, तू चिडवशील.

आता तर ती सगळ्यांशी बोलते. दूधवाला उद्या येणार नाही म्हणून सांगतो, ती बोटं लावते, तोही लावतो. शेजारची पोरं खिडकीतून हात करतात. फिजिओच्या बाई प्रत्येक व्यायाम आधी तिला समजावून सांगतात, कारण आता उत्तर मिळतं. तुझ्या त्या म्हाताऱ्याचा मला अजूनही तिटकारा आहे. पण आईसाठी त्याचं तोंड बघते.

सावकाश ये, पण ये.
तुझी,
ताई

२८ ऑगस्ट

चि. धाकट्यास,
आशीर्वाद देते, पण आज दात ओठ खाऊन.

तुमची मालिका बंद झाली. त्याचं मला काही नाही. आता नव्या मालिकेत ती खांदे उडवत नाचणारी पोरगी आणलीत आणि सगळं गाव खांदे उडवतंय. बसच्या पाठीवर ती, गोळ्यांच्या पाकिटावर ती. स्टुडिओत लोक खांदे उडवताहेत आणि माझे सगळे फोटो हलताहेत. तेही सोसलं असतं.

पण परवा शेजारची पोरं खिडकीशी आली. आईने बोटं कपाळाला लावली, तर त्यातली एक म्हणाली की आजी, ते आता जुनं झालं, आता असं करायचं, आणि खांदे उडवून दाखवले. आईचा एक खांदा हलतच नाही रे! दूधवाला हसून निघून जातो. फिजिओच्या बाईंनी चक्क मला बाजूला घेऊन विचारलं की त्या अजून तेच का करतात, डोक्यावर परिणाम तर नाही ना. ह्याच बाई टाळ्या पिटत होत्या! मी त्यांना वाटेल ते बोलले आणि मला त्याचा जराही पश्चात्ताप नाही. आईने सगळं ऐकलं. तेव्हापासून तिने डावा हात पांघरुणाच्या आत घेतला आहे आणि कितीही विचारलं तरी बाहेर काढत नाही.

त्या बोटांचा सगळ्यात आधी कंटाळा मला आला होता, म्हणून मला बोलायचा हक्क आहे. तुम्ही लोक एखादी गोष्ट घरोघर घुसवता, माणसांना तिचा लळा लावता, आणि तुमचं पोट भरलं की उष्टं टाकावं तशी टाकून देता. तुमचं ठीक आहे, तुम्हाला उद्या दुसरं मिळतं. आईकडे दुसरं नाही. तो तिचा एकुलता एक शब्द होता आणि गावाने तो तिच्या तोंडातून काढून घेतला.

आज दुपारी दुकानाला कुलूप लावून तिच्याजवळ बसले. हात बाहेर काढ म्हणून विनवलं, रागावले, शेवटी हरले. मग मीच दोन बोटं कपाळाला लावली आणि तिच्यावर रोखली. ती बघतच राहिली. अर्धं तोंड हसलं आणि डोळ्यांतून पाणी आलं. हात मात्र पांघरुणातच राहिला. एकट्या माझ्यावर तिचा विश्वास बसत नाही. ताई दया करतेय, हे तिला कळतं. ती गणिताची बाई आहे.

म्हणून तू ये. रजा मिळत नाही, नवी जाहिरात आहे, हे मला सांगू नकोस. येऊन तिच्यासमोर बस आणि नेहमीसारखं बोल. तुझी नोकरी, तुझं जेवण, हत्तीवरची मिरवणूक, काय वाटेल ते. तिचा हात बाहेर येईपर्यंत बोलत राहा. आणि आता हे कुणी करत नाही, असं एक अक्षर जरी तुझ्या तोंडून निघालं, तर धाकटा म्हणून गय करणार नाही, तसाच दारातून परत पाठवीन.

तोवर लोभ राखून ठेवला आहे, आलास की देईन.
तुझी,
ताई