अंपारोच्या खिडकीतले साखरपाणी

अंपारो, दव गोठलेली ती सकाळ तुझ्या मनात अजून कुठे शिल्लक असेल तर बरेच. आपण दोघी शाळेत निघालो होतो. मागच्या भिंतीवरच्या वेलीला एक किंदे उलटा लटकला होता, दगडासारखा थंड. मी म्हणाले, "मेलाय गं, चल." तू तो उचललास आणि पोलक्यात घातलास. चॅपेलमध्ये मदर रेमिहिया प्रार्थना सांगत होत्या, तेव्हा तुझ्या छातीशी काहीतरी भुणभुणले. पाखरू पोलक्याच्या गळ्यातून सुटले ते थेट वेदीवरच्या फुलांकडे. मदर ओरडल्या, "येपेस! काय आणलंस आत?" तू उभी राहून म्हणालीस, "मेला नव्हता तो, मदर. थंडीनं गारठून झोपला होता." जेवणाच्या सुट्टीपर्यंत आपण दोघी गुडघ्यांवर होतो, आणि तू सगळा वेळ हसत होतीस.

नोटरीसाहेब म्हणतात, मृत्युपत्राची सुरुवात अशी होत नाही, आणि किंदे हा शब्द कागदात चालणार नाही, हमिंगबर्ड लिहा. एकदा लिहिला. आता पुढे किंदेच.

मी, ओर्तेन्सिया येपेस कादेना, अविवाहित, निवृत्त शिक्षिका, राहणार सान गाब्रिएल, कार्ची प्रांत, पुरत्या शुद्धीत आणि कोणाच्याही सांगण्यावरून नव्हे, माझ्या मागे काय कोणाचे व्हावे ते येथे सांगून ठेवते. माझ्या यकृताने साथ सोडली आहे, डोक्याने अजून नाही.

पहिले, घर. घर वडिलांनी आम्हा दोघी बहिणींच्या नावे केले. धाकटा भाऊ विल्फ्रिदो याला शेत मिळाले, ते विकून त्याने ग्वायाकीलला फ्लॅट घेतला. माझा अर्धा हिस्सा मी अंपारोला देते. ते तिला देणे म्हणजे विल्फ्रिदोच्याच हाती देणे, हे मला कळते. मेंदूत रक्तस्राव झाल्यापासून अंपारो बोलत नाही, हात उचलत नाही. माझ्यानंतर तिचा पालक म्हणून न्यायालयाने त्याला नेमले आहे. मी हरकत घेतली होती. न्यायाधीशबाईंनी शांतपणे विचारले, "मग दुसरं कोण आहे, सेन्योरिता?" मी बराच वेळ आठवून पाहिले. कोणी नव्हते.

तो घर विकणार आणि तिला ग्वायाकीलला नेणार. तेथे उकाडा आहे, खिडक्या बंद असतात. हे थांबवणारे कलम कायद्यात आहे का, असे मी नोटरीसाहेबांना दोनदा विचारले. नाही.

विल्फ्रिदो वाईट माणूस नाही, हेही नोंदवून ठेवते, म्हणजे माझ्या नावाने उद्या कोणी त्याच्याशी भांडायला नको. मृतांच्या दिवशी तो न चुकता येतो, आईबाबांच्या कबरीला रंग देतो, माझ्या हातची जांभळी कोलादा, मक्याची गोड पेज, वाटीवर वाटी पितो. मागच्या वेळी अंपारोच्या खुर्चीमागे उभा राहून मला म्हणाला, "न्यान्या, ताई, किती दिवस मनाची समजूत घालणारेस? आपली बहीण गेलीय गं. हे नुसतं शरीर उरलंय." तेवढ्यात खिडकीबाहेर टांगलेल्या साखरपाण्याच्या बाटलीवर किंदे आला. अंपारोचे डोळे त्याच्याकडे वळले, आणि तो उडाला तेव्हा त्याच्यामागे गेले.

"बघितलंस?" मी म्हणाले.

"काय?" तो वाटी ठेवायला वळला होता.

दिवसभरात ती एवढेच करते. डॉक्टर म्हणतात, ती नुसती हालचाल आहे, तिला अर्थ नाही. मी डॉक्टर नाही.

दुसरे, साखरपाण्याबद्दल. चार वाट्या उकळलेले पाणी, एक वाटी पांढरी साखर. रंग नाही, मध नाही, गूळ तर नाहीच. माझी भावजय, विल्फ्रिदोची बायको मारुखा, एकदा राहायला आली होती. "साखर म्हणजे विष हो, ओर्तेन्सिया. एवढ्याशा जिवाला चांगलं काहीतरी द्यावं माणसानं," असे म्हणून तिने बाटल्यांत गुळाचे पाणी भरले. ते आंबते, आणि पाखरांच्या जिभेवर बुरशी धरते. नंतर एक किंदे अंपारोच्या खिडकीत बसून होता, जीभ बाहेर, ती आत घेता येत नव्हती. मी आणि अंपारो त्याच्याकडे बघत राहिलो. दुसरे काही करण्यासारखे नव्हते. मारुखाला हे मी कधी सांगितले नाही. ती प्रेमाने गूळ किसत होती. तिला माझी चांदीची जपमाळ मिळावी.

तिसरे, मागच्या अंगणातले धोत्र्याचे झाड, पांढऱ्या लांब कर्ण्यांचे. ज्या किंदेची चोच त्याच्या अंगापेक्षा लांब असते, तो आमच्याकडे याच झाडासाठी येतो. विल्फ्रिदोचे म्हणणे, झाड विषारी आहे, ते काढून फरशी घातली की गाडी आत येईल आणि गिऱ्हाईक लवकर मिळेल. झाड तोडू नये अशी अट घालता येते का? नोटरीसाहेब म्हणाले, "घालता येते. पाळली जाईल, असं नाही सांगता येत." तेव्हा ही अट नव्हे, विनंती समजावी.

चौथे, शेजारीण सोयला पोसो. तिच्या मांजराने माझी पाखरे खाल्ली. भिंतीवरून मी तिला काय काय बोलले ते या कागदावर शोभणार नाही. पुढे कित्येक वर्षे आम्ही एकमेकींकडे पाहिले नाही. पण अंपारो न्हाणीत कोसळली तेव्हा माझी हाक ऐकून तीच भिंत चढून आली, एका पायात चप्पल. टांगायच्या सगळ्या बाटल्या, धुण्याचा ब्रश, साखरेचा डबा आणि धोत्र्याच्या हव्या तेवढ्या फांद्या मी सोयलाला देते. तिने त्या आपल्या बाजूला लावाव्यात. मी तिला आधी विचारले आहे.

"आणि मांजराचं काय करू?" ती म्हणाली.

"घंटा बांध."

"अगं म्हातारं झालंय ते. पाखरंच येऊन त्याच्या पाठीवर बसतील आता!"

"तरी बांध."

"बांधते बाई. मरताना तरी तुझंच खरं." मग तिने तोंड फिरवले आणि रुमालाने नव्हे, थेट टेबलावरच्या फडक्याने नाक पुसले.

शेवटचे, विल्फ्रिदो, तुला. अंपारोच्या खिडकीतली लाल झाकणाची बाटली तुझी. ग्वायाकीलला तुझ्या मजल्यावर किंदे येतात की नाही, मला ठाऊक नाही. तू म्हणशील, येत नाहीत. तरी तिच्या खुर्चीसमोर टांग. उकाड्यात पाणी रोज बदलावे लागते. कोणी आले नाही तरी बदल.

आणि माझी लोकरीची शाल अंपारोला. एखाद्या सकाळी ती गार आणि ताठ वाटली, तर लगेच कोणाला बोलावू नकोस, भाऊ. शाल तिच्या छातीशी धर, तिचे हात तुझ्या हातांत घे, आणि ऊन खिडकीत येईपर्यंत तिच्याजवळ बस.

वाचून दाखवले, समजले, माझ्या मनासारखे आहे. सान गाब्रिएल, २२ ऑक्टोबर २०१८.

(सही) ओर्तेन्सिया येपेस कादेना

साक्षीदार:
रोसेन्दो माफ्ला, औषधविक्रेता
मार्गारिता चुल्दे, माझी जुनी विद्यार्थिनी
ओक्ताव्यो बेनाल्कासार, चर्चचे घंटावाले

दाराबाहेर बाकावर हजर: सोयला पोसो. तिला या कागदान्वये वस्तू मिळत असल्याने तिची साक्ष चालत नाही. याबद्दल ती नोटरीसाहेबांवर रागावली आहे, हेही तिच्या आग्रहावरून नोंदवले.