लग्नाचे फोटो झिजू नयेत म्हणून

११ मे २००६
शाल्मलीचं लग्न काल पार पडलं. श्रींची कृपा. फोटोग्राफर लावला नाही. नवा डिजिटल कॅमेरा घरात असताना परक्याला कशाला? पद्मजा म्हणाली, "पोरीचा बाप कन्यादानाले बसन का फोटो काढन?" दोन्ही केलं.
उत्तम फोटो जावयांच्या आजीचा. म्हातारीने स्वखुशीने कधी फोटो काढू दिला नव्हता. फोटोने आयुष्य घटतं म्हणे. काय ही अंधश्रद्धा! समजूत घातली. हसली. तोच क्षण टिपला.

२० मे
दिग्रसच्या स्टँडजवळ कलीमचं कॉम्प्युटरचं दुकान. कार्डावरचे फोटो त्याच्या मशीनमध्ये उतरवले. तो म्हणाला, फोटो उघडून पुन्हा पुन्हा सेव्ह केला की दर वेळी थोडी क्वालिटी जाते.
घरी येऊन विचार केला. म्हणजे फोटोही झिजतो, देवळाच्या पायरीसारखा. संकल्प: क्वालिटी राखायची. फोटो शक्यतो पाहायचेच नाहीत.

२८ मे
शाल्मलीचा बोरी अरबहून फोन. सासरी सगळे फोटो मागत आहेत. पाहिले की झिजतात, हे तिला नीट समजावलं. ती म्हणाली, "बरं बाबा." पटलं असावं.

१४ जून
कापसाच्या जिनिंगमध्ये आम्हा कारकुनांना काम नाही. भाव पडल्यापासून गाड्याच येत नाहीत. आज पाहणीला पथक आलं. हे तिसरं. बंद यंत्रांसमोर उभं राहून साहेबांनी फोटो काढले. कोणत्या सेटिंगवर काढता, असं मी विचारलं. त्यांना माहीत नव्हतं. अशाने विदर्भाचं काय होणार?

८ जुलै
नागपूरहून खास सोनेरी डिस्क मागवली. वेष्टनावर शंभर वर्षं टिकण्याची हमी. पद्मजा: "शंभर वर्षांनं पाहाले कोन राह्यते?" हिची दृष्टी जवळची.
कलीमने फोटो डिस्कवर घातले. म्हणाला, "मधुभाऊ, अजून एक कॉपी काढून ठेवा. आन् कार्ड पुसाच्या आंधी डिस्क दुसऱ्या मशीनवर लावून पाहा." नकलेची नक्कल काढली तर क्वालिटी राहील कशी? उलट त्याच्या मशीनमधले फोटो माझ्यासमोर पुसायला लावले. दुकानात येणारा-जाणारा उघडून पाहील. कलीम म्हणाला, "तुमची मर्जी. माह्या मशीनले काय जड होत होते का ते?"
डिस्क देवघरात ठेवली. मन शांत.

२६ ऑगस्ट
उद्या गणपती. आरासीच्या फोटोंसाठी कार्ड रिकामं केलं. पद्मजाने विचारलं, "पाहाचेच नाही तं फोटो काढले कायले?" प्रश्न वरवरचा आहे. देवही गाभाऱ्यातच असतो.

२ ऑक्टोबर, दसरा
आमच्या गावच्या शाळेत दसऱ्याला पाटीपूजन असे. ज्यावर लिहिलेलं आहे ती सरस्वती. डिस्कवर तर मुलीचं अख्खं लग्न लिहिलेलं. पूजा हवीच.
आता कुंकू कोणत्या बाजूला? एका बाजूला कंपनीचं नाव. ती अर्थात पाठ. दुसरी आरशासारखी. ते मुख. मळवट कोणी पाठीला भरत नाही. मुखावर ओल्या हळद-कुंकवाचं स्वस्तिक काढलं, अक्षता लावल्या, वर गंध. फार प्रसन्न दिसत होती.

१७ ऑक्टोबर
वाईट बातमी. जावयांची आजी शनिवारी गेली. व्याही विठ्ठलरावांचा फोन होता. "इवाई, मायचा धड फोटोच नाही घरात. तुमचा तो हसरा तेवढा द्या. मोठा करून तेरवीले ठेवतो."
मी म्हटलं, निश्चिंत राहा. शंभर वर्षांची हमी आहे.
माझ्या दूरदृष्टीचं महत्त्व आता सगळ्यांना कळेल.

१८ ऑक्टोबर
कलीमकडे गेलो. डिस्क पाहून म्हणाला, "मधुभाऊ, हे डिस्क होय का नवरी?" मशीन थोडा वेळ घरघरलं आणि डिस्क बाहेर आली. पुन्हा घातली, पुन्हा बाहेर. "इथंच ठेवून जा. साध्या पाण्यानं हळूहळू पुसून पाहतो," म्हणाला. दिली नाही. आपलं कुंकू आपणच उतरवावं.

१९ ऑक्टोबर
पाण्याने अक्षता निघाल्या, हळद हटेना. देवाची भांडी घासायची पावडर घेतली. चिंचेचा कोळ लावला. दोन्ही बाजू मन लावून घासल्या. अर्धवट काम मला जमत नाही. मिठाईवरच्या वर्खासारखं काहीतरी हाताला आलं. मळ असावा.
डिस्क काचेसारखी स्वच्छ!

२० ऑक्टोबर
कलीमने डिस्क उजेडात धरली. पलीकडून त्याचा चेहरा मला स्पष्ट दिसला. या वेळी त्याने थट्टा केली नाही. चहा मागवला. त्यानेच मी घाबरलो.
घरी सांगितलं. पद्मजा एवढंच म्हणाली, "फोन तुम्हीच करा."

२१ ऑक्टोबर
लक्ष्मीपूजन. सणाच्या दिवशी अशुभ बोलू नये. फोन केला नाही.

२२ ऑक्टोबर
रविवार. लाईन लागत नसणार.

२४ ऑक्टोबर
पद्मजाने नंबर फिरवून रिसीव्हर माझ्या हातात दिला. शाल्मलीने उचलला. मी म्हटलं, तांत्रिक अडचण आहे. ती म्हणाली, "म्हणजे गेला ना बाबा?" मी पावडरीच्या दर्जाबद्दल बोलायला लागलो. ती म्हणाली, "आजी मले दोनदा म्हनल्या, सूनबाई, माहा हसतानचा फोटो कसा आला, पाहू तं दे. मी सांगितलं, बाबा पाहू देत नाहीत."
नंतर तिनेच फोन ठेवला.
आज देवघरात बसलो, पण जप मोजता आला नाही.

२६ ऑक्टोबर
बोरी अरबला तेरवी. दारातून आत गेलो. पाटावर फोटो होता! क्षणभर वाटलं, देवाने लाज राखली.
जवळ गेलो. मतदान कार्डावरचा फोटो मोठा करून आणला होता. चेहऱ्याच्या जागी काळा डाग, डोळ्यांच्या जागी दोन पांढरे ठिपके, कानाजवळ शिक्क्याची कड. अशी क्वालिटी मी जन्मात पाहिली नव्हती. शेजारची एक म्हातारी त्याच्यासमोर बसली, ठिपक्यांकडे पाहिलं आणि हमसून रडली. "हुबेहूब बाई, हुबेहूब," म्हणाली. विठ्ठलरावांनी धोतराच्या सोग्याने काच पुसली आणि हार माझ्या हातात दिला.
हार घातला. नमस्कार केला. पंगतीत त्यांनी आग्रहाने बुंदी वाढली, "घ्या इवाई, लाजू नका," म्हणाले.
बसमध्ये सगळं तांत्रिक कारण पाठ करत गेलो होतो. कोणीच विचारलं नाही.